आठव्या नॉचवर किती वेग?

बेळगावच्या टिळकवाडीत राहणाऱ्या माणसाच्या आयुष्याचा बराच भाग रेल्वे गेटजवळ जातो. पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट. शाळेत उशिरा पोचल्यावर 'गेट पडलं होतं' एवढं सांगितलं की पुरतं. बाई काही बोलत नाहीत, कारण बहुतेक वेळा त्यांचंही पडलेलं असतं.

पण गेट पडलंच आहे, तर जरा इंजिनाकडे नीट बघा. लांबून भोंगा येतो, पायाखालची जमीन थरथरते आणि काँग्रेस रोडच्या कडेकडेने ते धूड येतं. या रुळांवरून वर्षानुवर्षं डिझेलची इंजिनं जात आली आहेत. आता मला सांगा, त्या इंजिनाची चाकं कोण फिरवतं?

'डिझेल!'

चूक. म्हणजे अर्धवट बरोबर. डिझेल इंजिन आणि चाकं यांचा एकमेकांशी थेट काही संबंधच नसतो. बस किंवा ट्रॅक्टरमध्ये असतो तसा लांबलचक दांडा इथे नाही, क्लच नाही, गिअर बदलणं नाही. डिझेल इंजिन फक्त एक जनित्र फिरवतं. जनित्र वीज तयार करतं. ती वीज जाड केबलींतून खाली चाकांपाशी बसवलेल्या मोटरींना मिळते आणि मोटरी चाकं फिरवतात. म्हणजे तुमच्यासमोरून गेलं ते विजेवरच चालणारं इंजिन होतं. फक्त आपली वीज आपणच तयार करत होतं.

आपल्या देशात या जातीचं सगळ्यात गाजलेलं इंजिन म्हणजे डब्ल्यूडीएम-२. मूळ अमेरिकेतल्या 'अल्को' कंपनीचं. १९६२ मध्ये ते भारतात आलं आणि १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात तयार होऊ लागलं. ताकद २६०० अश्वशक्ती. सहा आसांवर सहा मोटरी, आणि सहाही डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेवर चालणाऱ्या. तुमच्या खेळण्यातल्या गाडीत पेन्सिल सेलवर मोटर चालते ना, तिचीच ही दांडगी थोरली बहीण. (हुबळी शेडकडून येणाऱ्या इंजिनांवर डब्ल्यूडीजी-४ किंवा डब्ल्यूडीपी-४ लिहिलेलं दिसलं, तर मात्र त्यांच्या मोटरी एसी, म्हणजे दिशा सतत उलटसुलट होणाऱ्या विजेवर चालणाऱ्या. पुढच्या वेळी गेटवर थांबलात की अक्षरं वाचा. वेळही जातो.)

ड्रायव्हरसमोर एक हँडल असतं. त्याला आठ खाचा, रेल्वेवाले त्यांना 'नॉच' म्हणतात. पहिला नॉच, दुसरा, असं करत आठवा. आता खरा प्रश्न: आठव्या नॉचवर गाडी ताशी किती किलोमीटर वेगाने जाते?

याचं उत्तर ड्रायव्हरलासुद्धा देता येणार नाही!

सपाट रुळावर, हलकी गाडी असेल तर आठव्या नॉचवर ती सुसाट जाईल. पण हीच गाडी लोंढ्यावरून गोव्याला गेली आणि परतताना कुळे स्टेशनावरून दूधसागरचा घाट चढू लागली, तर त्याच आठव्या नॉचवर ती इतकी हळू चालते की खिडकीतून धबधबा पोटभर बघून होतो. त्या घाटाचा चढ ३७ मीटरला १ मीटर आहे. रस्त्यावरच्या मोटारीला तो जाणवणारही नाही, रेल्वेला मात्र घाम फुटतो. मागून ढकलायला जादा इंजिनं लावावी लागतात, त्यांना 'बँकर' म्हणतात.

म्हणजे हँडल तेच, नॉच तोच, आणि वेग मात्र भलताच. असं का? हे समजून घ्यायला दोन हजार सहाशे अश्वशक्ती नको. खेळण्यातली मोटर पुरे.

तीन व्होल्टची छोटी मोटर घ्या. तिला वीज देताना अगदी शून्यापासून हळूहळू वाढवत गेलो असं समजा. वहीत आलेख काढा: आडव्या रेषेवर व्होल्टेज, उभ्या रेषेवर वेग. दुप्पट व्होल्टेज दिलं की दुप्पट वेग, तिप्पट दिलं की तिप्पट, असं असतं तर आलेख सरळ रेषेत आला असता, पट्टीने काढावा तसा. मग मोटरचा वेग सांभाळणं हे तिसरीच्या गणिताइतकं सोपं झालं असतं आणि हा लेख इथेच संपला असता.

पण मोटर सुरुवातीलाच दगा देते. थोडं व्होल्टेज दिलं, हालचाल नाही. आणखी थोडं, तरी नाही. आणखी थोडं, आणि एकदम टुणकन फिरायला लागते! घरातलं लोखंडी कपाट सरकवून पाहिलंय? ढकला, ढकला, जागचं हलत नाही. आणि हललं की असं सरकतं की आपणच पुढे झेपावतो. थांबलेल्या वस्तूचं घर्षण चालत्या वस्तूच्या घर्षणापेक्षा जास्त असतं. मोटरच्या आलेखात त्यामुळे सुरुवातीला एक मुका पट्टा येतो. तिथे वीज देत राहा, उत्तर येत नाही.

पुढची गंमत याहून भारी आहे. मोटर फिरायला लागली की ती स्वतःच वीज तयार करू लागते! लोहचुंबकाजवळ तारेचं वेटोळं फिरलं की त्यात वीज निर्माण होते, हे तुम्ही शिकला आहात. मोटरमध्ये तरी दुसरं काय असतं? चुंबक आणि फिरणारं वेटोळं. तेव्हा मोटर फिरता फिरता जनित्रही असते. तिने तयार केलेलं व्होल्टेज आपण बाहेरून दिलेल्या व्होल्टेजच्या बरोबर उलट दिशेने ढकलतं. आपण त्याला उलटं व्होल्टेज म्हणू.

एक हिशोब करू. मोटरला १२ व्होल्ट दिले, तिच्या तारेचा रोध १ ओहम. मोटर थांबलेली असताना उलटं व्होल्टेज शून्य, म्हणून प्रवाह १२ अँपिअर. फिरू लागली आणि उलटं व्होल्टेज १० झालं, तर उरले २ व्होल्ट, म्हणजे प्रवाह फक्त २ अँपिअर. जितकी जोरात फिरेल, तितकी ती वीज कमी ओढते. मोटरवर भार टाकला, म्हणजे बोटाने तिचा दांडा हलकेच दाबला, की वेग उतरतो, उलटं व्होल्टेज उतरतं, प्रवाह वाढतो, आणि वाढलेल्या प्रवाहामुळे जोर वाढतो. कोणी न सांगता! मिक्सर अडकला की तापून जळका वास का येतो, तेही यातच आलं. मोटर थांबली, उलटं व्होल्टेज गेलं, आणि प्रवाहाला अडवणारं कोणी उरलं नाही.

मिक्सरचा विषय निघालाच आहे, तर स्वयंपाकघरात चला. (मिक्सर मोठ्यांनाच चालवू द्या. आपण फक्त कान द्यायचा.) रिकाम्या भांड्याचा मिक्सर कसा किंचाळतो! मिनिटाला पंधरा-वीस हजार फेरे. त्यात ओल्या खोबऱ्याची चटणी पडली की आवाज एकदम खाली. छताचा पंखा असं करत नाही. मग मिक्सरच का?

कारण मिक्सरच्या मोटरमध्ये कायमचा चुंबक नसतोच. तिचा चुंबक विजेवर बनतो आणि जो प्रवाह फिरत्या वेटोळ्यातून जातो, तोच चुंबकाच्या वेटोळ्यातूनही जातो. एकामागोमाग एक, म्हणून हिचं नाव सिरीज मोटर. डब्ल्यूडीएम-२ च्या मोटरीही याच प्रकारच्या. आता बघा काय होतं: प्रवाह दुप्पट झाला की वेटोळ्याचा जोर दुप्पट, आणि चुंबकही दुप्पट. मग एकूण जोर किती? दुप्पट गुणिले दुप्पट, चौपट! प्रवाह तिप्पट, तर जोर नऊपट. सरळ रेषा केव्हाच मागे राहिली. अर्थात हे कायम चालत नाही. चुंबकातल्या लोखंडाचं पोट भरतं. मग कितीही प्रवाह वाढवा, चुंबक वाढत नाही. म्हणजे आलेख आधी वर उसळतो आणि मग वाकतो.

जागेवर थांबलेली हजार टनांची मालगाडी हलवायची तर सुरुवातीला असाच राक्षसी जोर लागतो, म्हणून शंभर वर्षं रेल्वेने या मोटरीवर जीव टाकला. पण हिच्यात एक भयंकर खोड आहे. भार काढून घेतला की प्रवाह कमी होतो, प्रवाह कमी म्हणून चुंबक दुबळा, आणि चुंबक दुबळा झाला की मोटर आणखी जोरात फिरते.

थांबा, थांबा. चुंबक दुबळा झाल्यावर मोटर हळू व्हायला नको? मलाही आधी तसंच वाटायचं, आणि मोठमोठ्या माणसांना विचारलं तर निम्मे तसंच सांगतील. उलटं व्होल्टेज आठवा. मोटरला दिलेल्या व्होल्टेजच्या जवळपास जाईल एवढं उलटं व्होल्टेज तयार होईपर्यंत ती वेग वाढवत राहते. चुंबक दणकट असेल तर थोड्या फेऱ्यांतच तेवढं तयार होतं. चुंबक दुबळा असेल तर तेवढ्यासाठी जास्त फिरावं लागतं. म्हणून जास्त वेग हवा असेल तेव्हा रेल्वे इंजिनात चुंबकाचा थोडा प्रवाह मुद्दाम बाजूने वळवून चुंबक दुबळा करतात, आणि गाडी आणखी पळते!

पण भार पूर्ण काढला तर? मिक्सरचं पातं हवा कापत असतं, त्याचा पंखा वारा ढकलत असतो, म्हणून तो किंचाळण्यावर थांबतो. मोठी सिरीज मोटर मात्र वेग वाढवत, वाढवत, शेवटी आतली वेटोळी बाहेर फेकली जाईपर्यंत जाऊ शकते. इंजिनिअरिंगच्या प्रयोगशाळेत पहिला नियम हाच: सिरीज मोटर भाराशिवाय सुरू करायची नाही. तुमची ताई किंवा दादा उद्यमबागेतल्या गोगटे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा बेळगावातल्या दुसऱ्या कुठल्या कॉलेजात इलेक्ट्रिकलला असेल, तर विचारून बघा. डीसी मोटरचा वेग दोन रीतींनी बदलायचा, एकदा फिरत्या वेटोळ्याचं व्होल्टेज बदलून आणि एकदा चुंबक बदलून, हा प्रयोग त्यांनी केलेला असणारच.

मोटर आणि यंत्रांचं बेळगावला कौतुक जुनं आहे बरं का. याच जिल्ह्यात गुर्लहोसूरला जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलचं दुकान काढलं, पुढे कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर केले. मग इथली जागा सोडावी लागली म्हणून १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. त्याच घराण्याची किर्लोस्कर इलेक्ट्रिक ही कंपनी १९४६ मध्ये बंगळूरला निघाली आणि तिने डीसी मोटरीही केल्या.

आता परत घाटात. पावसाळा आहे, रूळ ओले आहेत, गाडी चढते आहे, आणि एक चाक घसरलं! घसरलेल्या चाकाला रुळाची पकड उरली नाही, म्हणजे त्या मोटरीचा भार गेला. आणि भार गेलेली सिरीज मोटर काय करते, ते आपण आत्ताच पाहिलं. चाक जागच्या जागी गरगरायला लागतं. त्यात घसरणाऱ्या चाकाची पकड न घसरणाऱ्या चाकापेक्षा कमी असते, ते कपाट आठवा, म्हणजे आगीत तेल. इंजिनात हे ओळखणारं यंत्र असतं. एका मोटरीचं वागणं बाकीच्यांपेक्षा वेगळं दिसलं की ते वीज कमी करतं. जोडीला चाकापुढे रुळावर वाळू सोडतात. हो, साधी वाळू! एवढ्या मोठ्या इंजिनावर वाळूच्या पेट्या असतात, त्या याचसाठी.

आणि घाटमाथ्यावरच्या कॅसलरॉककडून कुळ्याकडे उतरताना? तेव्हा मोटर जनित्र असते, हे गुपित कामाला येतं. मोटरींना वीज देणं बंद करायचं, त्यांच्या चुंबकाला तेवढी द्यायची आणि त्या चाकांकडूनच फिरवून घ्यायच्या. तयार झालेली वीज इंजिनावरच्या मोठ्या रोधकांत सोडून तापवून टाकायची. वीज तयार करायला जोर लागतो, तो जोर उतरणाऱ्या गाडीचा, म्हणून गाडी आवरली जाते. ब्रेकचे ठोकळे झिजत नाहीत. खंडाळ्याच्या घाटात पूर्वी धावलेली, लोक ज्यांना 'खेकडा' म्हणत ती विजेची इंजिनं याच्याही पुढची. ती उतरताना तयार झालेली वीज परत वरच्या तारेत पाठवत!

हे घरी करून बघता येतं. खेळण्यातल्या दोन सारख्या मोटरी घ्या. सायकलवाल्याकडून वॉल ट्यूबचा छोटा तुकडा आणा आणि दोघींचे दांडे समोरासमोर त्यात घालून जोडा. दोन्ही मोटरी पट्टीवर घट्ट बांधा. एकीला दोन पेन्सिल सेल लावा. ती फिरेल आणि दुसरीला फिरवेल. आता दुसरीच्या दोन वायरी मोकळ्या ठेवून आवाज ऐका. मग त्या वायरी एकमेकींना टेकवा. आवाज झपकन खाली येतो! दुसरीला वीज तयार करावी लागली, आणि तिने पहिलीला ब्रेक लावला. मल्टिमीटर असेल तर दुसरीच्या वायरींमधलं व्होल्टेजही मोजा. (फक्त सेल वापरा. भिंतीतल्या प्लगच्या जवळपाससुद्धा जायचं नाही.)

मोटर आणि जनित्र एकच, हे जगाला पटलं ते १८७३ मध्ये व्हिएन्नाच्या प्रदर्शनात. ग्राम नावाच्या संशोधकाच्या जनित्राला दुसऱ्या जनित्राची वीज जोडली आणि ते फिरू लागलं. मग विजेच्या ट्रॅम आल्या. मुंबईत ७ मे १९०७ ला पहिली विजेची ट्रॅम धावली. आणि बेळगावात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन भरलं त्याला दोन महिनेही झाले नव्हते, तेव्हा ३ फेब्रुवारी १९२५ ला मुंबईच्या बोरीबंदरहून कुर्ल्याला देशातली पहिली विजेची रेल्वे सुटली. वरच्या तारेत १५०० व्होल्ट, डीसी.

पंधराशे व्होल्ट थांबलेल्या मोटरीला एकदम दिले तर काय होईल, ते तुम्हाला आता कळतं. म्हणून सुरुवातीला चार मोटरी एका रांगेत जोडायच्या, प्रत्येकीच्या वाट्याला जास्तीत जास्त ३७५ व्होल्ट. वर लोखंडी रोधक, उरलेली वीज खायला. गाडी वेग घेऊ लागली की रोधक एकेक करून काढायचे. मग दोन-दोन मोटरींच्या जोड्या करायच्या, प्रत्येकीला ७५० व्होल्ट. प्रत्येक पायरीला डबा एक हिसका द्यायचा. जुन्या लोकलने प्रवास केलेल्या आजोबांना विचारा, दांडी का धरून उभं राहावं लागे ते. ही डीसी मुंबईत टिकली एप्रिल २०१६ पर्यंत. तिची शेवटची लोकल हार्बर मार्गावर धावली, सुरुवात झाली होती त्याच कुर्ला-बोरीबंदर पट्ट्यात.

रोधकांत वीज तापवून वाया घालवणं मला तरी कायम अडाणीपणाचं वाटत आलं आहे. अमेरिकेतल्या हॅरी वॉर्ड लिओनार्डलाही वाटलं असावं. त्याने १८९१ मध्ये सुचवलं की मोटरीसाठी वेगळं जनित्रच ठेवा आणि त्या जनित्राचा छोटासा चुंबक कमीजास्त करा. मोठी वीज न तोडता, न जाळता, हवं ते व्होल्टेज मिळेल. लिफ्टपासून खाणींपर्यंत ही युक्ती पसरली. आणि डिझेल इंजिन म्हणजे तीच युक्ती चाकांवर ठेवलेली! आज जनित्राऐवजी इलेक्ट्रॉनिक स्विच असतात. ते वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतात. चालूचा वेळ जास्त ठेवला की मोटरीला सरासरी व्होल्टेज जास्त मिळतं. रिमोटवरच्या गाड्यांत हेच आहे.

आता आठव्या नॉचचं कोडं सोडवता येईल. नॉच वेग ठरवत नाही, तो ताकद ठरवतो. पहिल्या नॉचला डब्ल्यूडीएम-२ चं डिझेल इंजिन मिनिटाला ४०० फेऱ्यांच्या आसपास घुमतं, आठव्याला १०००. आणि गव्हर्नर नावाचं यंत्र सतत बघत असतं: डिझेल इंजिन धापा टाकतंय का? टाकत असेल, तर ते जनित्राचा चुंबक थोडा दुबळा करतं. चढावर मोटरी सावकाश फिरतात आणि खूप प्रवाह ओढतात, तेव्हा व्होल्टेज उतरवायचं. सपाटीवर प्रवाह कमी, तेव्हा व्होल्टेज चढवायचं. दोघांचा गुणाकार तेवढाच राहिला पाहिजे. २६०० अश्वशक्तीतून जोर घ्या किंवा वेग घ्या, दोन्ही भरपूर मिळणार नाहीत.

पण समजा तुम्हाला वेगच पक्का हवा आहे. उद्यमबागेतल्या कारखान्यातलं यंत्र आहे, कापताना वेग जरा हलला की माल खराब. मग कोणीतरी बघत राहिलं पाहिजे: हवा होता किती, आहे किती, फरक किती. आणि त्या फरकावरून वीज कमीजास्त केली पाहिजे. १९२२ मध्ये निकोलस मिनोर्स्कीने जहाजाचं सुकाणू धरणाऱ्या खलाशांचं निरीक्षण करून याचं गणित मांडलं. चांगला खलाशी तीन गोष्टी बघतो: आत्ता किती चुकलंय, चूक किती वेळ साचत आली आहे, आणि चूक वाढते आहे की कमी होते आहे. आजच्या मोटरींच्या डब्यात बसलेला चिमुकला संगणक हेच तीन प्रश्न सेकंदाला हजारो वेळा विचारतो.

सरळ रेषेच्या मोटरीला एवढं पुरलं असतं. आपली मोटर वाकडी आहे. म्हणून त्या संगणकाला आणखी शहाणपण शिकवतात. थांबलेली मोटर सुरू करताना आधी एक छोटा धक्का दे, म्हणजे तो मुका पट्टा पार होईल. प्रवाहाला वरची मर्यादा घाल, म्हणजे अडकलेली मोटर जळणार नाही. आणि यंत्र अडकलेलं असताना साचलेली चूक मोजत बसू नकोस. नाहीतर तो बिचारा चुकांचा डोंगर साठवत राहतो आणि यंत्र सुटताक्षणी सगळा राग एकदम काढतो! शिवाय कमी वेगाला वेगळे आकडे, जास्त वेगाला वेगळे, कारण कमी वेगाला ज्या धक्क्याने मोटर जेमतेम हलते, त्याच धक्क्याने जास्त वेगाला, चुंबक दुबळा असताना, ती भलतीच उधळते.

एवढी वाकडी मोटर सांभाळून सांभाळून शेवटी इंजिनिअर तिच्या प्रेमातच पडले असावेत. एसी मोटर धडधाकट, तिच्यात घासून झिजणारे कार्बनचे ब्रश नाहीत, पण तिचा वेग आवरणं डीसीपेक्षा अवघड. तिच्यात चुंबकाचा प्रवाह आणि जोराचा प्रवाह एकाच तारेत मिसळलेले. तेव्हा १९७० च्या सुमारास जर्मनीत एक युक्ती निघाली: आकडेमोड करून त्या एका प्रवाहाचे मनातल्या मनात दोन भाग पाडायचे, एक चुंबकाचा, एक जोराचा. मग पुढचा सगळा कारभार समोर डीसी मोटर आहे असं समजून चालवायचा. आज अनेक मेट्रो आणि विजेच्या गाड्यांमधल्या एसी मोटरी याच रीतीने चालतात. त्यांच्या संगणकाला जन्मभर वाटत राहतं की आपल्या ताब्यात एक डीसी मोटर आहे.